वाजते ते नोंदवायचे कसे?

सुकापूरच्या माझ्या घरी २००५ साली एका वृद्ध धवलारणीने धवले गाऊन दाखवले. आगरी लग्नाचे विधी धवलारीण गाण्यांतून पार पाडते. तिच्याजवळ पोथी नसते, सारे पाठ असते. ते गाणे मी खिशात मावणाऱ्या डिजिटल ध्वनिमुद्रकावर टिपले. त्याची फाईल त्याच्याच प्रोग्रॅममध्ये वाजे, दुसऱ्या स्वरूपात जतन होत नसे. २००९ मध्ये बाई गेल्या आणि ती फाईल एकुलती एक उरली.

अशा वेळी एकच वाट असते : फाईल वाजवायची आणि वाजणारा आवाज संगणकाच्या आतच पकडायचा. रेडिओवरचे गाणे कॅसेटवर घेताना आपण माइक रेडिओसमोर धरत असू, तेव्हा कुकरची शिट्टीही नोंदली जाई. दोन यंत्रे वायरने जोडली की शिट्टी गळे. संगणकात ही वायर आतच होती. इंटेलच्या १९९७ च्या एसी-९७ या मानकात ध्वनिमुद्रणासाठी माइक व लाइन-इनबरोबर ‘स्टिरिओ मिक्स’ हाही पर्याय होता. साउंड कार्डावर एकत्र आलेले सारे आवाज त्यातून परत नोंदवता येत. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीच्या काळात अनेक संगणकांवर त्यासाठी एक खूण करणे पुरे होई.

जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आली. तिच्यात ध्वनीची व्यवस्था नव्याने लिहिली होती. अनेक ड्रायव्हरांत स्टिरिओ मिक्स मुळातच बंद ठेवलेले असे आणि बंद साधने यादीत दिसत नसत. त्याच व्यवस्थेत ‘लूपबॅक’ नावाची दुसरी वाट होती : स्पीकरकडे निघालेला एकत्रित ध्वनी सॉफ्टवेअरनेच उचलायचा. मात्र तसे लिहिलेले सॉफ्टवेअर हाती हवे. ऑडॅसिटी या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २०१३ मध्ये आली.

मी २०११ मध्ये संगणकाची प्रणाली बदलली. स्टिरिओ मिक्स दिसेना, तेव्हा वाट बुजली असे समजलो. चूक माझीच. यादीच्या मोकळ्या जागी माउसची उजवी कळ दाबून बंद साधने दाखवायला सांगायचे, एवढेच करायचे होते. ते न कळल्याने मी स्पीकरसमोर माइक ठेवून प्रत केली आणि तीवरून धवले उतरवून काढले. ओळीच्या शेवटी बाईंचा आवाज खाली जाई, तिथे पंख्याची घरघर होती. तीन जागी मी अंदाजाने शब्द घातले. २०१३ मध्ये आतला आवाज थेट नोंदवला, तेव्हा त्यांतले दोन शब्द चुकीचे निघाले. तोवर माझी वही दोन अभ्यासकांकडे गेली होती. दोघांनाही दुरुस्तीचे पत्र पाठवले.

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात आगरीची नोंद आहे, पण छापलेल्या अक्षरांना सूर नाही. म्हणूनच पुढे त्या सर्वेक्षणाच्या निमित्ताने भारतीय भाषांच्या ग्रामोफोन तबकड्या निघाल्या. आवाज जपण्यासाठी नुसता आवाज पुरत नाही, तो पकडण्याची वाटही लागते. आणि ती उघडी ठेवायची की नाही, हे दर पिढीत दुसरेच कोणी ठरवते. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून एका अ‍ॅपचा आवाज दुसऱ्या अ‍ॅपने टिपू द्यायचा की नाही, हे पहिले अ‍ॅप ठरवू शकते.

आता प्रत्येक ध्वनिफितीच्या नोंदीत मी तारीख, प्रणाली, ड्रायव्हर आणि आवाज कोणत्या वाटेने घेतला ते लिहितो. नोंदवताना इंटरनेट बंद ठेवतो, कारण आतली वाट निवड करत नाही : पहिल्या प्रयत्नात आलेल्या ई-मेलची ‘टिंग’ थेट धवल्यात बसली होती. मूळ फाईल, तिचा प्रोग्रॅम आणि माइकवाली सदोष प्रतही जपली आहे. माझे दोन शब्द कुठे आणि का चुकले, हे पुढच्या माणसाला तपासता आले पाहिजे.