पाणचक्कीचे बंबे

मुदखेड जंक्शनावरून मनमाडच्या बाजूस जाणारी आगगाडी नांदेड, पूर्णा, परभणी, जालना हीं स्थानकें मागें टाकीत औरंगाबादेस येते. या शहराचें नांव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर असें आहे. परंतु सांगावयाची हकीकत जुनी असल्यामुळें येथें जुनेंच नांव योजिलें आहे. वाफेच्या इंजिनांच्या काळीं असल्या मार्गांवरील मोठ्या स्थानकांत उंच खांबांवर बसविलेली पाण्याची टाकी दिसे. टाकी इतकी उंच कां, असें फलाटावरील एखाद्या मुलानें विचारलें, तर ‘पाणी जोरानें पडावें म्हणून’ हें उत्तर त्यास मिळे, आणि तें बरोबरच होतें. औरंगाबादेच्या पाणचक्कीस पाणी आणणाऱ्या नळाच्या वाटेवरहि उंच मनोरे बांधलेले होते. त्यांचें काम मात्र नेमकें उलट. ते पाण्याचा जोर वाढवीत नसत. तो आंवरीत असत. त्या मनोऱ्यांना तिकडे ‘बंबे’ म्हणतात. अंघोळीचें पाणी तापविणाऱ्या घरोघरच्या तांब्याच्या बंबाशीं त्यांचा संबंध जोडूं नये.

प्रथम एक प्रचलित गैरसमज दूर केला पाहिजे. पाणचक्की मलिकंबरानें बांधली असें पुष्कळ लोक सांगतात. मलिकंबरानें १६१० सालीं खडकी हें शहर वसविलें आणि डोंगरांतील झऱ्यांचें पाणी नहरीनें गांवांत आणिलें, हें खरें. परंतु तो १६२६ सालीं मरण पावला. पाणचक्की झाली १७४४ सालीं. ती बाबा शाह मुसाफिर या सूफी साधूच्या दर्ग्याशीं जोडलेली असून, निजामउल्मुल्क आसफजाहाच्या पदरचा सरदार तुर्कताझखान यानें ती बांधविली. मशिदीसमोरील लांबट हौद व कारंजीं सुमारें वीस वर्षांनीं जमीलबेगखानानें करविलीं. मध्यें शंभराहून अधिक वर्षें गेलीं होतीं. थोर पुरुषाच्या नांवावर दुसऱ्याचें काम चढविल्यानें त्याचा गौरव वाढत नाहीं, आणि ज्यानें तें केलें त्याच्यावर मात्र अन्याय होतो.

डोंगरांतील झऱ्याचें पाणी पांच मैलांहून अधिक अंतर जमिनीखालून येऊन उंच भिंतीवरून पडे. तें चक्राच्या पात्यांवर आदळलें कीं चक्राबरोबर वरचें जातें फिरे, आणि दर्ग्यांत येणाऱ्या फकिरांसाठीं व यात्रेकरूंसाठीं पीठ निघे. मनुष्य नको, बैल नको. पाहणारा जात्याकडे पाहून थक्क होतो. पण खरी करामत जात्याच्या मागें, डोंगरापर्यंत गेलेल्या नळांत आहे.

हा नळ भाजलेल्या मातीचा. उघड्या पाटांत पाणी केवळ उतारानें वाहतें, त्यास वर चढतां येत नाहीं. बंद नळांत तें सखलांत उतरून पुन्हां पलीकडच्या चढावर जातें. मूळच्या पातळीहून थोडें खालीं राहिलें म्हणजे झालें. यालाच लोक ‘सायफन’ म्हणतात. वस्तुतः खरा सायफन पाण्यास उंचवट्यावरून ओढून नेतो व त्याची मर्यादा सुमारें ३४ फुटांची असते. येथील प्रकार त्याच्या उलटा आहे, आणि त्यांतील अडचणहि निराळी. पाण्याच्या दर ३४ फूट उंचीस एका वातावरणाइतका, म्हणजे चौरस इंचास सुमारें १५ पौंड, दाब वाढतो. पाणी वाहत असतांना त्यांतील कांहीं भाग घर्षणांत खर्च होतो. परंतु शेवटचें तोंड बंद केलें कीं वरपासूनचा सारा भार सखलांतील नळावर येतो. आणि तें एकाएकीं बंद केलें तर धांवत्या पाण्याचा धक्काहि त्यांत मिळतो. मातीचा नळ वरून दडपला तर पुष्कळ सोसतो, आंतून ताणला कीं तडकतो.

दुसरा शत्रु हवा. पाण्याबरोबर नळांत हवा शिरते. ३४ फूट खोलीवर दाब दुप्पट, म्हणून बुडबुडा निम्मा. तोच चढावर आला कीं फुगतो. शिवाय दाब कमी होतांच पाण्यांत विरघळलेली हवा बाहेर पडते, सोडावॉटरची गोटी दाबली म्हणजे होतें तसें. ही सारी हवा नळाच्या उंचवट्यावर जमून राहते आणि पाण्याची वाट अरुंद करते. झरा भरलेला, नळ कोठेंहि फुटलेला नाहीं, तरी धार बारीक होत जाते.

या दोन्ही दुखण्यांवर बंबा हा एकच उपाय होता. नळ मनोऱ्यांतून वर चढे, माथ्यावरील लहानशा कुंडींत पाणी मोकळ्या हवेस मिळे व दुसऱ्या नळानें खालीं उतरे. कोंडलेली हवा तेथें निघून जाई. पुढें पाणी अडलें तर तें कुंडीवरून सांडे, नळ वांचे. विजापुरास असलेच मनोरे ‘गंज’ या नांवानें आहेत, इस्तंबूलला तुर्कांनीं ते बांधले, आणि कात्रजहून पुण्यास आलेल्या पेशवेकालीन नळास ‘उच्छ्वास’ ठेवलेले आहेत. तेव्हां ही युक्ति एकट्या औरंगाबादेची नव्हे.

मलिकंबर वारल्यावर सतरा वर्षांनीं, १६४३ सालीं, तोरिचेल्लीनें पाऱ्याच्या नळीनें हवेचा दाब दाखविला. बॉइलचा नियम १६६२ सालीं प्रसिद्ध झाला. बर्नुलीचा जलगतीवरील ग्रंथ १७३८ सालचा, म्हणजे पाणचक्कीच्या अवघा सहा वर्षें आधींचा. यावरून आमच्या कारागिरांस हे नियम पूर्वींच अवगत होते, अशी प्रौढी कोणी मिरवितात. ती पोकळ आहे. नळ किती उंचीस फुटेल हें आंकड्यानें आधीं सांगणें ही एक विद्या, आणि फुटलेला नळ पाहून बंबा कोठें हवा हें ओळखणें ही दुसरी. पहिली पुस्तकांत राहिली म्हणून देशोदेशीं पसरली. दुसरी कुंभार-गवंड्यांच्या हातांत होती. ते हात गेले, त्यांचीं नांवेंहि कोणास ठाऊक नाहींत. शहर वाढतांना कित्येक बंबे पडले, आणि जे उरले त्यांच्याकडे रिकामे बुरूज म्हणून पाहिलें जाऊं लागलें. एक बंबा पाडला म्हणजे त्याच्या मागच्यापुढच्या नळावर काय येतें, हें पाडणाऱ्यास सांगणारा कोणी नव्हता.

आज शहराचें पाणी पैठणजवळच्या जायकवाडी जलाशयांतून येतें. तो शहराहून बराच सखल असल्यामुळें पाणी पंपांनीं वर चढवावें लागतें. अशा लोखंडी नळांवरहि उंचवट्याच्या जागीं हवेची झडप बसवावी लागते. पंप सुरू झाला कीं प्रथम तिच्यांतून हवा फुसफुसत बाहेर पडते, आणि मग पाणी पुढें जातें.