विद्येचा जमाखर्च : शुल्कापलीकडची नोंद

उच्च शिक्षणाच्या खर्चाचा विचार आपल्याकडे बहुधा शुल्काच्या आकड्यापाशी थांबतो. परंतु महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामागे कोणी किती आणि कोणत्या स्वरूपात किंमत मोजली, याचा इतिहास लिहायचा झाल्यास शुल्काच्या पावत्या अपुऱ्या पडतात. त्यासाठी चरित्रे, आत्मकथने, पत्रे आणि करारनामे एकत्र वाचावे लागतात. प्रस्तुत टिपणात अशा वाचनाची दिशा सुचविण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम बंगालमधील एक उदाहरण घेऊ. ईश्वरचंद्र विद्यासागर १८२९ साली कोलकात्याच्या संस्कृत कॉलेजात दाखल झाले. वडिलांच्या तुटपुंज्या मिळकतीवर चाललेल्या बिऱ्हाडात अभ्यासाबरोबरच स्वयंपाकाचा भारही या विद्यार्थ्यावर होता. महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकरांची विद्यार्थिदशा अशीच ओढगस्तीची होती. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालण्याची त्यांची हकीकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. मात्र त्यांनी आईला लिहिलेले प्रसिद्ध पत्र अधिक महत्त्वाचे आहे. मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नये, आपण पोटापुरत्या मिळकतीवर संतुष्ट राहून लोकहितासाठी झटणार, असा त्याचा आशय आहे. हे पत्र आपण त्यागाचा दस्तऐवज म्हणून वाचतो. परंतु मुलाच्या शिक्षणातून घराला सुबत्ता येईल, या आशेवर ज्या आईने दिवस काढले, तिच्या अपेक्षेचे विसर्जनही त्याच पत्रात झाले आहे. त्याग दोघांचा होता. इतिहासात नोंद मात्र एकाचीच झाली.

विसाव्या शतकाच्या आरंभी या व्यवहाराला कराराचे रूप आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पदवीच्या शिक्षणासाठी सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा २५ रुपये मिळत. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी बडोदा संस्थानाने दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याची अट होती. १९१७ साली त्या अटीप्रमाणे ते बडोद्यास रुजू झाले, तेव्हा अस्पृश्यतेमुळे त्यांना राहावयास जागादेखील मिळू शकली नाही. करारात सेवेची वर्षे मोजलेली होती. ती सेवा ज्या समाजात करावयाची त्याच्या वागणुकीचा हिशेब तेथे नव्हता. त्यांच्या परदेशातील वास्तव्यात रमाबाईंनी मुंबईत ज्या हलाखीत संसार चालविला, त्यालाही त्या करारात रकाना नव्हता.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी वेगळा मार्ग काढला. १९१९ साली स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा व शिका’ हे तत्त्व रुजविले, आणि १९४७ साली साताऱ्यात सुरू झालेल्या शिवाजी कॉलेजात ते महाविद्यालयीन पातळीवर आले. दात्याच्या उपकाराऐवजी विद्यार्थ्याचे श्रम हेच चलन ठरले. त्यामुळे त्याचा स्वाभिमान शाबूत राहिला. तरीही वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटलांना आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही द्यावे लागले. स्वावलंबनाच्या या थोर प्रयोगाच्या पायाशी एका स्त्रीचे स्त्रीधन आहे, हे विसरता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात शुल्कमाफीच्या सवलतींनी महाविद्यालयाचे दार पुष्कळांना उघडले. परंतु माफी शुल्काची होती. खोलीचे भाडे, खाणावळ, पुस्तके आणि मुलगा कमावता असता तर घरी आली असती ती मजुरी, यांचा भार कुटुंबावरच राहिला. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली आणि शुल्क हाच वादाचा विषय झाला. उन्नीकृष्णन खटल्यात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगी व्यावसायिक महाविद्यालयांत ‘मोफत’ आणि ‘सशुल्क’ जागांची विभागणी ठरविली; २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती योजना रद्द केली. दरम्यान २००१ साली बँकांची आदर्श शैक्षणिक कर्जयोजना आली. तीत चार लाखांपर्यंतच्या कर्जास तारण नव्हते, मात्र पालक सहकर्जदार होते.

हा ‘सहकर्जदार’ शब्द विचार करण्याजोगा आहे. आगरकरांच्या आईपासून लक्ष्मीबाईंपर्यंत ज्यांनी विद्येची किंमत मोजली, त्यांची नावे कोणत्याही करारपत्रावर नव्हती. बँकेच्या कागदावर कुटुंबाचे नाव आले ते केवळ वसुलीच्या जबाबदारीसाठी. विद्यार्थ्याला परतफेडीसाठी अधिक पगाराच्या नोकरीकडे वळावे लागते आणि आगरकरांसारखे पत्र लिहिण्याचे स्वातंत्र्य त्यास उरत नाही. महाविद्यालयाच्या खर्चाचा खरा परिणाम येथे आहे : कोण शिकतो यावर, तसेच शिकून काय करण्याची मुभा राहते यावरही.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने म्हणूनच विविध भारतीय भाषांतील आत्मकथने घरखर्चाच्या वहीसारखी उघडावीत. नायकाच्या कष्टांची पाने त्यांत भरलेली असतील. विकलेला दागिना, शाळा सोडून कामावर गेलेला भाऊ, लांबणीवर पडलेले बहिणीचे शिक्षण या नोंदी एखाद्या ओळीत, ओझरत्या येतील. त्या ओळी एकत्र आणल्याशिवाय आपल्या उच्च शिक्षणाचा इतिहास पुरा होणार नाही.