विंचवाचं बिऱ्हाड आणि त्याची चाकं

अमेरिकेत लेक-जावई किंवा मुलगा-सून असलेल्या आपल्या मंडळींनी एक दृश्य पाहिलेलं असतं. हायवेवरून एक अख्खं घर चाललेलं असतं! खिडक्या, दारं, छप्पर सगळं जागच्या जागी, आणि मागे 'ओव्हरसाइज लोड' अशी भली मोठी पाटी. हे मोबाइल होम. आपल्याला लगेच विंचवाचं बिऱ्हाड आठवतं. पण यातली बहुतेक घरं आयुष्यात एकदाच प्रवास करतात, कारखान्यातून जागेवर. तिथे घर काँक्रीटच्या ठोकळ्यांवर टेकवलं की खालची चाकं, ऍक्सल (आपल्या बैलगाडीचा आख म्हणा) आणि ब्रेक पुष्कळदा काढून नेतात. मला त्या घरांपेक्षा या काढलेल्या चाकांचंच कुतूहल वाटत आलं आहे.

सुरुवात सहलीपासून झाली. डेट्रॉइटचे आर्थर शर्मन हे पेशाने जंतुशास्त्रज्ञ. त्यांनी 1929 च्या सुमारास मोटारीमागे ओढायची खोली बनवली आणि पुढे कारखानाच काढला. मंदीत घर गेलेले लोक अशा खोल्यांत राहू लागले. दुसऱ्या महायुद्धात कामगारांच्या निवाऱ्यासाठी सरकारने हजारो ट्रेलर घेतले. तोवर हे वाहनच होतं, रुंदी आठ फूट, घरच्या मोटारीने ओढता येणारं. 1950 च्या दशकात विस्कॉन्सिनच्या एल्मर फ्रे यांनी दहा फुटी घर आणलं आणि सगळं बदललं. दहा फूट म्हणजे खास परवाना आणि ओढायला ट्रक. चाकं राहिली, पण मालकाच्या हातून लगाम सुटला.

ब्रेकचीही कथा सांगायला हवी. विस्कॉन्सिनच्याच बेलॉइट गावचे आर्थर वॉर्नर हे मोटारीचा स्पीडोमीटर घडवणाऱ्यांपैकी एक. 1909 साली विमान विकत घेऊन स्वतः उडवणारा हा गृहस्थ! 1927 मध्ये त्यांनी ट्रेलरसाठी विजेच्या ब्रेकची कंपनी काढली. युक्ती फार छान आहे. ड्रमच्या आत एक विद्युतचुंबक असतो. पुढच्या गाडीतून वीज आली की तो फिरत्या ड्रमला चिकटतो, त्याच्यासोबत थोडा ओढला जातो, आणि त्या ओढीने एक दांडी ब्रेकशू ड्रमवर दाबते. म्हणजे चाकाचीच ताकद चाकाला थांबवायला वापरायची. शाळेत विद्युतचुंबक शिकवताना आम्ही खिळ्याला तार गुंडाळून टाचण्या उचलून दाखवत असू. त्याऐवजी हे सांगता आलं असतं तर मागच्या बाकावरची मुलंही जागी राहिली असती. असो.

1974 साली अमेरिकी संसदेने या घरांसाठी कायदा केला आणि त्याखालचे नियम 15 जून 1976 पासून लागू झाले. त्या कायद्याने घराखाली कायमची चासी असलीच पाहिजे अशी अट घातली. 1980 मध्ये कायद्यातलं 'मोबाइल' हे नाव बदलून 'मॅन्युफॅक्चर्ड' केलं. नाव स्थिर झालं, सांगाडा मात्र गाडीचाच राहिला.

आता काढलेल्या मालाकडे येऊ. एका घराखाली लांबी-वजनाप्रमाणे तीन, चार, क्वचित त्याहून जास्त ऍक्सल असतात, प्रत्येक साधारण 6,000 पौंडांचा, म्हणजे पावणेतीन टन पेलणारा. यातले काही पुन्हा कारखान्यात जातात आणि नव्या घराखाली बसतात. उरलेले शेतकरी आणि वेल्डिंगवाले घेतात. एकदाच चाललेला ऍक्सल, पाटे-बेअरिंगसकट, नव्याच्या मानाने स्वस्त! त्यावर लोखंडी चौकट जोडली की सरपण, गवताच्या गासड्या, जुना ट्रॅक्टर, काय हवं ते वाहायला ट्रेलर तयार. काटकसरीत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे मनापासून पटतं.

पण यात खोच आहे. हा माल एका संथ प्रवासासाठी बनवलेला. त्याची रिम साडेचौदा इंची, मोटारीच्या पंधरा इंची टायरला ती चालत नाही. त्याच मापात मोबाइल होमचा टायर वेगळा आणि रोजच्या ट्रेलरचा वेगळा, दिसायला मात्र भावंडं. ऍक्सल मधोमध किंचित वर उचललेला असतो, भार पडला की सरळ होतो. उलटा बसवला तर टायर एका बाजूने झिजतात. रुंदी कमी करायला मधून कापून जोडला तर तो बाक आणि ताकद दोन्ही जोडणाऱ्याच्या हातावर अवलंबून. आणि ब्रेक? काही ऍक्सलना ते मुळातच नसतात. ज्यांना असतात त्यांच्या तारा घर टेकवताना कापलेल्या, ड्रम आवारात पडून गंजलेले. कित्येक राज्यांत 3,000 पौंडांवरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, तरी 'जवळच तर जायचंय' म्हणणारे तिथेही आहेतच. उतारावर मागचा दोन टनांचा भार पुढच्या गाडीला ढकलू लागला की अंतर जवळचं की लांबचं, याने काही फरक पडत नाही. लोखंड जुनं घ्यावं, पण चुंबक, ब्रेकशू आणि बेअरिंग नवी घालावीत, असं माझं मत.

आणि तिकडे ते घर? अनेकांचं घर स्वतःचं पण जमीन भाड्याची. भाडं वाढलं तर घर घेऊन निघून जा, असं सांगणं सोपं. त्यासाठी पुन्हा ऍक्सल आणा, टायर आणा, परवाना काढा, ट्रक ठरवा, खर्च हजारो डॉलर. जुनं घर ठेवून घ्यायला पुष्कळशा वसाहती तयारही नसतात. न्यू हॅम्पशायरमधल्या मेरेडिथ गावी 1984 मध्ये अशा रहिवाशांनी मिळून सहकारी संस्था केली आणि पायाखालची जमीनच विकत घेतली. मग तशा संस्था इतर राज्यांतही निघाल्या.

कागदोपत्रीही हे घर बराच काळ गाडीच असतं, आपल्या आरसी बुकासारखा दाखला असलेली. बऱ्याच राज्यांत पक्क्या पायावर बसवून तो दाखला परत केल्यावरच ते स्थावर मालमत्ता ठरतं. तोवर कर्ज बहुधा गाडीसारखं, चढ्या व्याजाचं. त्याची चाकं एव्हाना दुसऱ्याच कुणाच्या गवताच्या गासड्या वाहत असतात.