छाट आणि दवाखाना

घरी बसून परक्याचे काम करणारा, धन्याचे तोंड महिनोन्‌महिने न पाहणारा आणि तरीही त्याच्याच शब्दावर ज्याची चूल पेटते असा नोकर ही संगणकयुगाची निर्मिती होय, असा समज अलीकडे रूढ झाला आहे. आणि अशा दूरस्थ नोकराच्या आजारपणाचा भार कोणी उचलावा, त्याच्या विम्याचा हप्ता कोणाच्या खाती पडावा, याची चर्चाही हा प्रश्न कालपरवाच उपस्थित झाला असावा अशा आविर्भावाने चालते. सिन्नर, संगमनेर, नगर, सोलापूर, कामठी, गोंदिया येथील गल्ल्याबोळांना मात्र हा प्रश्न कित्येक पिढ्यांपासून परिचित आहे. तेथे घरी बसून विड्या वळण्याच्या या रीतीला ‘घरखाते’ म्हणत.

घरखात्याची रीत वरकरणी अत्यंत साधी. कारखानदाराचा ठेकेदार तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा मोजून देई. बाई ती पाने ओल्या फडक्यात गुंडाळून घरी नेई, पत्र्याच्या मापाने कात्री चालवून ती कापी आणि मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन, मुलांचे रडणे, सासूचे खोकणे आणि चुलीवरचे आधण सांभाळीत, हजारीच्या दराने विड्या वळी. दुसऱ्या दिवशी कट्टे बांधून ती ठेकेदाराच्या ओट्यावर जाई. तेथला कारकून कट्टा उलगडून त्यातल्या सैल, वाकड्या, आखूड विड्या बाजूला काढी. या बाजूला काढलेल्या मालाला ‘छाट’ असे नाव होते. छाटीची मजुरी मिळत नसे, आणि माल बहुधा परतही मिळत नसे. या एका शब्दाभोवती पुढे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला दीर्घ ऊहापोह करावा लागला.

कामगारांच्या आरोग्यविम्याची सरकारी योजना आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत आकारास आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखात्याचे सभासद असताना, १९४३ साली, प्रा. बी. पी. आडारकर यांजकडे हे काम सोपविण्यात आले आणि पुढील वर्षी त्यांचा अहवाल सादर झाला. त्यातून १९४८चा राज्य कामगार विमा कायदा निघाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रत्यक्ष प्रारंभ झाला. १९५४ साली ती नागपूर व मुंबईत आली. तिची उभारणी मोठ्या विचारपूर्वक झाली होती, यात शंका नाही. परंतु तिचा सारा डोलारा स्थळावर उभा होता. यंत्रशक्तीवर चालणारा बारमाही कारखाना, त्यात किमान २० माणसे, प्रत्येकाची वेतनपत्रकावर नोंद, महिना ४०० रुपयांच्या आतला पगार आणि गावात योजनेचा दवाखाना असे सारे जुळून आले, तरच विमा. कानपूर-दिल्लीच्या मालकांनी जेव्हा तक्रार मांडली की, भार आम्ही सोसायचा आणि इतर गावचे मालक मोकळे राहायचे, तेव्हा योजना न पोचलेल्या गावच्या कारखानदारांवरही पाऊण टक्क्याची, आणि पोचलेल्या गावी सव्वा टक्क्याची, खास वर्गणी बसविण्यात आली. म्हणजे मालक कोठेही असला तरी तो सरकारला सापडत होता. हरवत होता तो मजूर.

विडी वळण्याला यंत्रही लागत नाही आणि छप्परही एक लागत नाही. तेव्हा घरखात्यातील बाई या चौकटीच्या पहिल्याच उंबरठ्याशी अडली. अधिक खेदाची गोष्ट ही की, कारखाना-कायदा जसजसा कडक होत गेला तसतसे विडीचे कारखाने घरांत विरघळू लागले. ज्या छपराखाली माणसे जमवली की कायदा लागू होतो, ते छप्परच काढून टाकावे, ही युक्ती व्यापारी बुद्धीला सुचण्यास फारसा वेळ लागला नाही. मधल्या ठेकेदाराने, म्हणजे सट्टेदाराने, पाने न्यावीत, विड्या आणाव्यात. कोणी वळल्या हे शेठजींना ठाऊकही नसावे.

मग प्रश्न न्यायालयात गेला, आणि तो मूलतः एवढाच होता की ही माणसे कोणाची. १९५८ साली, सागरच्या एका विडी कारखान्याच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदार हे स्वतंत्र ठेकेदार आहेत आणि त्यांच्याकरवी विड्या वळणारे कारखान्याचे कामगार नव्हेत, असा निर्णय दिला. पुढे, नागपूरच्या कारखान्यात बसून विड्या वळणाऱ्यांच्या प्रकरणी, त्याच न्यायालयाने त्यांना कामगार मानले; कारण खराब विडी नाकारण्याचा अधिकार मालकापाशी होता आणि नाकारण्याचा अधिकार हीच देखरेख होय. परंतु १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या शंकर बालाजी वाजे खटल्याच्या निवाड्यात, मजूर मर्जीस येईल तेव्हा येतो व मर्जीस येईल तेव्हा जातो, सबब तो कारखाना-कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे, असे बहुमत पडले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्नमत नोंदविले. हे निवाडे ओळीने वाचताना मला नेहमी वाटते की, मर्जीप्रमाणे येणेजाणे म्हणजे स्वातंत्र्य, ही व्याख्या करणाऱ्यांनी हजारीच्या दराने एक दिवस तरी विड्या वळून पाहावयास हव्या होत्या.

संसदेने हा गुंता १९६६च्या विडी व सिगार कामगार कायद्याने सोडविला, आणि तोही एका ओळीच्या व्याख्येने: मालकाकडून अथवा ठेकेदाराकडून कच्चा माल घेऊन घरी विड्या वळणारी व्यक्ती हीसुद्धा कामगारच होय. कोणत्या ओट्यावर बसून, किती वाजता, कोणाच्या नजरेसमोर, हे प्रश्न त्या ओळीने निकालात काढले. नियमांत तर खुद्द ‘छाट’ हा शब्द आला आणि सामान्यतः शेकडा ५ हून अधिक माल छाट म्हणून नाकारू नये, असे बंधन आले. मालकांनी कायद्याला आव्हान दिले. १९७४ साली तो वैध ठरला. भविष्यनिर्वाह निधीच्या वादात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने घरी वळणाऱ्यांनाही कर्मचारी ठरविले, तेव्हा आधार पुन्हा तोच, छाटीचा! ज्या कारकुनाच्या बोटांनी बाईची मजुरी कापली, त्याच बोटांनी ती शेठजींची नोकर असल्याचा पुरावाही निर्माण करून ठेवला होता.

कामगार ठरली, तरी औषधपाण्याचे काय? पगारातून वर्गणी कापावी तर वेतनपत्रक कोठे आहे. मालकाकडून वसूल करावी तर मध्ये ठेकेदारांची साखळी. यावर १९७६ साली जो तोडगा निघाला तो मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत चतुर भाग वाटतो. माणूस सापडत नसेल तर मालाला धरावे! विडी कामगार कल्याण उपकर आणि कल्याण निधी असे दोन कायदे त्या वर्षी झाले, आणि उपकर बसला तो तंबाखूवर. १९७९ साली तंबाखूवरील अबकारी उठताच उपकरही आपोआप आटला. तेव्हा कायदा सुधारून १९८२पासून तो तयार विडीवर, दर हजारी, आकारण्यात आला. विडी कोणीही, कोठेही वळो, बाजारात येताना ती वळणारीच्या औषधाचे पैसे देऊन येऊ लागली. या निधीतून विडी-वस्त्यांत दवाखाने उघडले, फिरत्या गाड्या गल्लीगल्लीत जाऊ लागल्या, क्षयाच्या रोग्यांसाठी रुग्णालयांत खाटा राखल्या गेल्या, कर्करोगाच्या उपचारांचा खर्च मिळू लागला. धूम्रपानावरच्या उपकरातून कर्करोगाचा खर्च भागविण्यातला उपरोध कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आला नसेल असे नाही. परंतु सरकारी जमाखर्चाला उपरोधाचा रकाना नसतो. पुढे राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेतही विडी कामगारांचा समावेश झाला.

गैरसोय उरली ती एका कागदाची. दवाखान्याच्या खिडकीशी ओळखपत्र दाखवावे लागे आणि ओळखपत्रासाठी आपण कोणाचे काम करतो याचा दाखला लागे. ज्या मालकाने बाईला उभ्या जन्मात पाहिले नाही, त्याच्याच सहीची अपेक्षा! ठेकेदार दाखला द्यायला कां-कूं करी, कारण सही केली की नाते कबूल होते. सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली बायका असोत की सिन्नरच्या मराठी, हे ओळखपत्र त्या लुगड्यांच्या घडीत, रेशनकार्डाशेजारी जपून ठेवीत.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर अमलात आला आणि इतर अनेक उपकरांबरोबर विडीवरचा हाही उपकर रद्द झाला. दवाखाने बंद पडले नाहीत. त्यांचा खर्च आता सरकारच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकातून, मंजूर होईल तेवढा, येतो. विडीची आणि औषधाच्या बाटलीची जी गाठ सुमारे ३५ वर्षे हजारीच्या हिशेबाने बांधलेली होती, ती त्या दिवशी सुटली. छाट काढण्याचे काम मात्र ओट्यावर चालूच आहे.