स्वतंत्र अभ्यास ही पळवाट नव्हे

एम.ए.ला सर्जनशील लेखन घेतलेल्या विद्यार्थ्याने स्वतंत्र अभ्यासाचा प्रस्ताव पुढे केला, की दोन आक्षेप ठरलेले. पहिला : ही तास चुकवायची पळवाट. दुसरा : लेखन कुणी शिकवून येत नाही, तुकोबांना कुठे होता अभ्यासक्रम?

दुसरा आक्षेप आधी घेऊ, कारण पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत बसून तो ऐकवत नाही. देहू इथून जवळ. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत परंपरा मल्हारपंत चिखलीकरांचे नाव घेते आणि गावाला टाळगाव म्हणते. त्या तुकोबांनी आत्मचरित्रपर अभंगांत काय सांगितले आहे? सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हते. मग आधीच्या संतांची वचने विश्वासाने पाठ केली. पुढे नामदेव पांडुरंगासह स्वप्नात आले, कवित्वाचे काम नेमून दिले, आणि शतकोटी अभंगांतली उरलेली संख्या पुरी करायला सांगितले. वाचनयादी, मार्गदर्शक आणि उद्दिष्ट, तिन्ही हजर! वर्ग तेवढा नव्हता.

आता पळवाटेचे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात 88 श्रेयांक आहेत, त्यातले 10 संशोधन प्रकल्पाचे. म्हणजे एकट्याने काम करायला मुभा आहेच. चार श्रेयांकांचा स्वतंत्र अभ्यास मागितला, तर श्रेयांकाला 30 तास धरून 120 तास होतात. पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला आठ. वर्गात मागच्या बाकावर बसून हजेरी लागते. इथे दर पंधरवड्याला लिहिलेली पाने मार्गदर्शकासमोर ठेवावी लागतात, आणि कोरी पाने लपवायला पुढचा बाक नसतो.

समजा, चिखलीतल्याच कुदळवाडीत वाढलेल्या एखादीला भंगार व्यवसायावर दीर्घ रिपोर्ताज लिहायचा आहे. फेब्रुवारी 2025मध्ये पालिकेने तिथली हजारो पत्राशेड आणि बांधकामे पाडली. हा विषय कोणत्या प्रश्नपत्रिकेत बसवणार? तिच्या प्रस्तावात अनिल अवचटांचे लेखन वाचायला असेल. त्याच्या जोडीला वजनकाट्याच्या पावत्या, पालिकेच्या नोटिसा, उच्च न्यायालयातली कागदपत्रे. कुणाशी बोलणार, कुणाची नावे बदलणार, सत्राअखेर किती पाने देणार आणि ती कशावर जोखायची, हेही त्यात आधीच लिहिलेले हवे. ‘मला समाजावर काहीतरी लिहायचे आहे’ एवढेच असेल, तर तो प्रस्ताव नव्हे, इच्छा आहे. ती जरूर परत पाठवावी.

प्राध्यापकांची एक तक्रार मात्र खरी आहे. अशा मार्गदर्शनाचे तास कार्यभारात धरले गेले नाहीत, तर ते काम शेवटी भिडेखातर होते, आणि भिडेखातर वाचलेल्या मजकुरावर कुणी लाल पेन चालवत नाही. पण हा दोष हिशेबाचा आहे. त्याची शिक्षा विद्यार्थ्याला का?

तेव्हा विभागप्रमुखांना विनंती एवढीच : मार्गदर्शनाचे तास कार्यभारात लावून घ्या, प्रस्ताव कच्चा असेल तर नाकारा, आणि नाकारण्याचे कारण लेखी द्या. ‘अभ्यासक्रमात नाही’ हे कारण चालणार नाही.