नवजाताचा मूत्रावरोध : नावाचा इतिहास

मुतखडा, उन्हाळी, लघवी तुंबणे ही मराठीतील जुनी नावे रुग्णाच्या तक्रारीवरून किंवा डोळ्यांना दिसलेल्या वस्तूवरून पडलेली आहेत. नवजात अर्भक तक्रार सांगू शकत नाही. तेव्हा त्याच्या जन्मजात अवरोधाला लोकभाषेत वेगळे नाव पडले नाही, यात नवल नाही. सुश्रुतसंहितेत बारा मूत्राघात वर्णिले आहेत. निरुद्धप्रकश या विकारावर दोन्ही तोंडे उघडी असलेली लोखंडी वा लाकडी नळी घालून दर तिसऱ्या दिवशी अधिक जाड नळी वापरावी, असा उपचारही तेथे आहे. परंतु हा अवरोध बाहेरून दिसणारा होय.

मूत्रमार्गाच्या आतील जन्मजात झडपेचे व्यवस्थित वर्गीकरण बाल्टिमोरच्या ह्यू हॅम्प्टन यंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1919 साली केले. ही झडप केवळ मुलग्यांत आढळते. तिच्यामुळे मूत्राशयाची भिंत जाड होते, मूत्रपिंडे फुगतात. मुंबईत परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय 1929 साली सुरू झाले. अंधेरी महानगरपालिकेच्या हद्दीत आली ती 1950 साली. आजची उपचारपद्धती अशी : प्रथम बारीक नळीने मूत्राशय रिकामे करावयाचे, रक्तातील क्षारांचा तोल सावरावयाचा, मग दुर्बिणीतून झडप छेदावयाची, मूत्रमार्ग फारच अरुंद असल्यास ओटीपोटावर मूत्राशयाला तात्पुरते तोंड करावयाचे. गर्भावस्थेतच झालेली मूत्रपिंडांची हानी मात्र भरून येत नाही.

म्हणूनच लक्ष गर्भाकडे वळले. 1958 साली ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी घेतलेली गर्भाची चित्रे प्रसिद्ध केली. 1981 साली सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल हॅरिसन यांनी गर्भावरच शस्त्रक्रिया करून तुंबलेल्या मूत्राला वाट दिली. ते अर्भक वाचले नाही.

महाराष्ट्रात याच चित्रांनी दुसरा पेच उभा केला. गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा देशातील पहिला कायदा येथे 1988 साली झाला; केंद्राचा कायदा 1994 सालचा. त्या केंद्रीय कायद्यानुसार जन्मजात व्यंगाचा शोध घेता येतो, पण गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने वा अन्य प्रकारे कळविता येत नाही. ‘पश्चमूत्रमार्गाची झडप’ असे लिहिले की लिंग कळलेच! रोगाच्या नावातच निषिद्ध वार्ता दडलेली असण्याचे असे उदाहरण विरळाच. ‘खालच्या मूत्रमार्गातील अवरोध’ हे मोघम नाव येथे उपयोगी पडते. ते वैद्यकदृष्ट्याही अधिक प्रामाणिक आहे. कारण अवरोध झडपेचाच आहे की अन्य कशाचा, हे चित्रावरून निश्चित होत नाही. नेमके नाव जन्मानंतर, क्ष-किरण तपासणीने वा दुर्बिणीने झडप पाहिल्यावरच लिहिले जाते.