गाथेंतील ‘ध्रु’

श्रोतेहो, तुकारामबोवांची गाथा आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं असेल. ती उघडून कोणताहि अभंग पाहा. बहुधा दुसऱ्या कडव्याच्या शेवटीं, जेथें आंकडा असावयाचा तेथें, ‘ध्रु’ हें अक्षर छापलेलें दिसेल. वाचणारा तें ओलांडून पुढें जातो. गाणाऱ्यास मात्र तें अक्षर सांगतें कीं, हें कडवें पुन्हा पुन्हा घोळावयाचें आहे, आणि तें एकट्यानें नव्हे. पुढच्यानें चरण म्हणावा, टाळकऱ्यांनीं दोहों बाजूंनीं ध्रुपद उचलावें व मृदंगानें त्यांस सांभाळून न्यावें, हा आपल्याकडील भजनाचा जुना शिरस्ता. गाथा ही मुळांत मनांत वाचण्याची पोथी नव्हे, ती समुदायानें गावयाची वही आहे. अशा वहीची संशोधित आवृत्ति करूं गेल्यास काय हातीं लागतें आणि काय निसटतें, तें आज सांगावयाचें आहे.

या कामाचा पहिला मोठा प्रयत्न मुंबईस झाला. सरकारनें त्यासाठीं २४,००० रुपये दिले, आणि इंदुप्रकाश छापखान्यांतून पहिला भाग १८६९ त व दुसरा १८७३ त बाहेर पडला. दोहों भागांत मिळून साडेचार हजारांवर अभंग आले. विद्याखात्याचे मुख्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनीं १८६७ त तुकारामांवर इंग्रजींत लेख लिहिला होता; साहेबलोकांचें लक्ष या कवीकडे वळलें होतें, त्याचा उपयोग झाला असें म्हणण्यास हरकत नाहीं.

संपादक दोन, आणि दोघेहि पंडित आडनांवाचे. मात्र ते भाऊ नव्हेत. विष्णु परशुरामशास्त्री पंडित हे पुनर्विवाहाचे कट्टे पुरस्कर्ते. १८७० त पुण्यास शंकराचार्यांसमोर जो मोठा वाद झाला, त्यांत सुधारकांची बाजू त्यांनींच लढविली. दुसरे शंकर पांडुरंग पंडित, संस्कृतांतील गाढे संशोधक. ज्यास जुनें लोक धर्मबुडवा म्हणत, त्या गृहस्थानें सनातन वारकऱ्यांचे अभंग एकेक अक्षर ताडून छापावे, ही गोष्ट मला मोठी चमत्कारिक वाटते, आणि तितकीच गोडहि वाटते.

त्यांच्यापुढें प्रति होत्या त्या देहू, तळेगांव, कडूस आणि पंढरपूर येथल्या. देहूची वही तुकोबांच्या वंशजांपाशीं होती व ती खुद्द त्यांच्या हातची म्हणून मानली जाई. कडूसच्या प्रतीशीं गंगाधर मवाळ यांचें नांव जोडलेलें होतें. पंढरपूरची प्रत वारकऱ्यांच्या नित्य गाण्यांतली. म्हणजे एकीकडे घराण्यांत जपलेली वही, दुसरीकडे रोज टाळांच्या घोषांत झिजलेला पाठ. इंद्रायणींत वह्या बुडविल्याची व त्या कोरड्या वर आल्याची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. तिचा भक्तांस होणारा अर्थ निराळा. पण संशोधकास ती कथा हेंच सांगते कीं, कागदापेक्षां लोकांच्या मुखावर या गाण्याचा भरंवसा पहिल्यापासून अधिक होता.

युरोपांत याच सुमारास असेंच एक काम चाललें होतें. मेंडेल्सझोन हा जर्मन संगीतकार १८४७ त अवघ्या ३८ व्या वर्षीं वारला. चर्चमध्यें व मोठ्या सभागृहांत समुदायानें गावयाचीं स्तोत्रें व धर्मकथा यांस त्यानें स्वर दिले होते. त्याचा स्नेही यूलिउस रीट्स यानें १८७४ ते १८७७ या काळांत त्याच्या कृतींचा संग्रह संपादिला, परंतु पुष्कळ रचना बाहेर राहिल्या. तेथली अडचण आपल्या अगदीं उलट. मेंडेल्सझोन एकदां लिहून स्वस्थ बसणारा नव्हता. त्याचें ‘एलायजा’ १८४६ च्या ऑगस्टांत बर्मिंगहॅम येथें गायिलें गेलें, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि लागलीच यानें तें पुन्हा दुरुस्तीस घेतलें! संपादकापुढें कवीच्याच हातचे दोन-दोन पाठ. पुढें नाझी राजवटींत, जन्मानें ज्यू म्हणून, त्याचें संगीत बंद पाडण्यांत आलें, आणि लायप्झिगमधील त्याचा पुतळा १८३६ नव्हे, शंभर वर्षांनंतर १९३६ त पाडला गेला. त्याच लायप्झिग शहरांतून १९९७ पासून त्याच्या समग्र कृतींची नवी आवृत्ति निघूं लागली. श्टुटगार्टच्या कारुस या प्रकाशनसंस्थेनें त्याचीं धार्मिक समूहगीतें निराळीं संशोधून छापलीं. त्या पुस्तकांत उंच आवाजाच्या स्त्रियांनीं काय गावें, खर्जांतल्या पुरुषांनीं काय गावें, हें ओळीखालीं ओळ मांडलेलें असतें.

आपल्या गाथेंत शब्द आहेत, पाठभेद आहेत, चाल मात्र नाहीं. समुदायासाठीं राखलेली खूण काय ती ‘ध्रु’. याचा दोष मी संपादकांस देत नाहीं. अभंगाची चाल फडाफडांत निराळी, आणि ती लिहून ठेवण्याची सर्वमान्य रीत तेव्हां आपल्याकडे रूढ नव्हती.

शब्दांचा शोध पुढेंहि चालू राहिला. वि. ल. भावे यांनीं संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांवरून अस्सल गाथा १९१९-२० च्या सुमारास छापली. विष्णुबुवा जोगांनीं वारकऱ्यांसाठीं सार्थ गाथा सिद्ध केली. १९५० त मुंबई सरकारनें पंडितांची आवृत्ति पु. मं. लाड यांच्या प्रस्तावनेसह पुन्हा काढली. हे लाड पुढें केंद्र सरकारच्या नभोवाणी खात्याचे सचिव झाले, हें श्रोत्यांस सांगितलेंच पाहिजे.

आमचा गोंदिया जिल्हा देहूपासून फार दूर, महाराष्ट्राच्या पूर्व टोकास. येथें मराठीच्या शेजारीं झाडीबोली, पोवारी, छत्तीसगढी नांदतात. कार्तिकांतील काकडआरतीस गांवची मंडळी अभंग म्हणते, त्यांत एखादा शब्द छापील गाथेहून निराळा पडतो. शाळेंत मुलें मला विचारीत, “गुरुजी, खरें कोणतें? पुस्तकांतलें कीं मंडळींतलें?” पुस्तकाकडे बोट दाखविणें सोपें असतें. मी त्यांस म्हणें, आधीं मंडळींतल्या म्हाताऱ्यास विचारा कीं हा शब्द त्यांनीं कोणापासून घेतला. कधीं तो नुसता उच्चाराचा फरक निघे, कधीं खरोखरीचा पाठभेद.

या बाबतींत शंकर पांडुरंग पंडितांचेंच उदाहरण माझ्या कामीं येई. गाथेनंतर त्यांनीं अथर्ववेद सायणभाष्यासह संपादण्यास घेतला. तो १८९५ ते १८९८ या काळांत, म्हणजे १८९४ त त्यांचें देहावसान झाल्यावर, छापून पुरा झाला. त्या वेळीं त्यांनीं हस्तलिखितांबरोबर वेद मुखोद्गत असलेले तीन वैदिक बसविले, त्यांच्याकडून मंत्र म्हणवून घेतले, आणि त्यांचे पाठ पोथ्यांच्या पाठांशेजारीं, त्याच मानानें, टिपेंत नोंदविले. कंठ हीहि एक प्रत आहे, असें त्यांनीं धरलें. तसे टाळकरी कोणी गाथेसाठीं बसविले नाहींत. वेगवेगळ्या फडांतले व गांवोगांवचे वृद्ध गायक अजून आहेत. आवाज टिपण्याचीं यंत्रें आतां खिशांत मावतात.